मामांचं पडसं

बाबांनी आपली परीक्षा स्वतःच ठरवली आणि आम्ही तिघा भावंडांनी ती मान्य केली. मान्य करण्याची कारणं मात्र तिघांची तीन होती. बाबा नापास होणार याची दादाला खात्री होती आणि ते पास होणार याची धाकटीला. मला एवढंच वाटलं की बाबांच्या लेखी जिला किंमत आहे अशी एखादी गोष्ट या परीक्षेत निदान मोजली तरी जाईल.

प्रश्न साधा होता: बाबांनी यापुढे त्यांच्या घरी एकटं राहायचं की नाही. त्यांनी जन्मभर औषधांचं दुकान चालवलं. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांमधले चुकीचे डोस ते काउंटरवरूनच पकडत आणि डॉक्टरांना फोन करून, आवाज न चढवता, त्यांची लाज काढत. त्याच माणसाने मागच्या महिन्यात एका सकाळी रक्तदाबाची गोळी तीनदा घेतली आणि तो न्हाणीघराच्या दारात कोसळला. त्याआधी गॅसवर विसरलेल्या दुधाचा कोळसा झाला होता, आणि खिडकीतून येणारा धूर खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाईंनी पाहिला म्हणून पुढचं टळलं होतं.

दादाने शहराबाहेरच्या एका निवासात खोली पाहून ठेवली होती. तिथे परिचारिका होत्या, बाग होती, आणि दाराला आतून कडी नव्हती. ही शेवटची बाब दादाने सोय म्हणून सांगितली.

"आतून कडी नाही म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे तुम्ही पडलात तर दार तोडावं लागणार नाही, बाबा."

"आणि नाही पडलो तर?"

निवासाला सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता, नाहीतर खोली दुसऱ्या कोणाला जाणार होती. मेंदूच्या डॉक्टरांनी काही चाचण्या सुचवल्या होत्या, पण बाबांनी त्या पहिल्याच भेटीत उधळून लावल्या. "घड्याळ काढून दाखवा म्हणतो. शंभरातून सात वजा करा म्हणतो. अरे, माझ्या वजाबाकीवर लोकांची मुलं जगलीत! त्या पोराला माझी परीक्षा घ्यायची असेल तर आधी त्याने माझी घ्यावी."

"म्हणजे तुम्ही त्याची घ्यावी," धाकटी म्हणाली.

"तेच म्हणालो मी."

ते तसं म्हणाले नव्हते हे आम्ही तिघांनी ऐकलं.

त्यानंतर बाबा उठले आणि कपाटातून एक पुस्तक घेऊन आले.

पुस्तकाची ओळख करून द्यायला हवी. आमच्या घरात एका गुप्तहेराच्या कादंबऱ्यांची अख्खी मालिका होती. लेखकाने आयुष्यभर त्या एकाच गुप्तहेरावर लिहिलं, आणि आई-बाबांनी आयुष्यभर त्या एकाच गुप्तहेराला वाचलं. घरात त्याला 'मामा' म्हणत. ते नाव बाबांनी ठेवलं होतं. आईच्या माहेरचा हा एकच माणूस असा आहे, की तो घरी येतो पण जेवायला थांबत नाही, असं ते म्हणायचे. आईला भाऊ नव्हता, त्यामुळे रागवायलाही कोणी नव्हतं.

वाचनाची पद्धत ठरलेली होती. एकाने मोठ्याने वाचायचं. वाचणाऱ्याने पुस्तक आधी वाचलेलं असता कामा नये, कारण शेवट माहीत असलेल्या माणसाचा आवाज खुन्याच्या नावाशी आला की बदलतो. शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटायचं आणि प्रत्येकाने खुनी कोण ते सांगायचं. सोबत तीन पुरावे द्यायचे, आणि तिन्ही आत्तापर्यंत वाचून दाखवलेल्या मजकुरातले हवेत. 'मला वाटतं' हा शब्दप्रयोग बाद. आई दर खेपेला डॉक्टरचं नाव घ्यायची आणि पुरावे म्हणून "तो, त्याची बॅग आणि त्याचं हसणं" एवढं सांगायची. ती दोनदा बरोबर निघाली, आणि याचं बाबांना कायम दुःख होतं.

मालिकेतली एकच कादंबरी घरात कोणीही वाचलेली नव्हती. ती निघाली तेव्हा सगळीकडून एकच बोलणं ऐकू आलं: मामा थकले, पुस्तक फसलं. बाबांनी ती विकत आणली, पण उघडली नाही. "आजारी माणसाला भेटायला जावं," ते म्हणाले होते, "पण मामांना तसं बघायची माझी इच्छा नाही."

तेच पुस्तक आता त्यांनी माझ्या हातात दिलं.

"तराजू, तू वाच." मी वजनं आणि मापनयंत्रं तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, तराजू हे माझं घरातलं नाव त्याच्याही आधीचं आहे. "मी खुनी ओळखला तर इथेच राहणार आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही ओळखला तर मी निमूट बॅग भरतो."

"निमूट?" दादाने विचारलं.

"बरं, कुरकुरत."

मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे न तपासलेलं वजन कोणी तराजूवर ठेवलं तर मी त्याला बाहेर काढते. इथे मात्र नियमच असा होता की मोजण्याचं साधन आधी तपासून पाहायचं नाही. शनिवारी सकाळी मी पहिलं पान उघडलं.

पहिल्या पानावरच मामांना पडसं झालं होतं.

कथा डोंगरावरच्या एका विश्रामगृहात घडत होती. रंगाच्या कारखान्याचा आजारी मालक तिथे हवापालटासाठी आलेला असतो आणि रात्रीचं औषध घेतल्यावर सकाळी मेलेला सापडतो. सोबत त्याची बायको, भाचा, सचिव, एक डॉक्टर आणि एक परिचारिका. मामा योगायोगाने शेजारच्याच खोलीत. इथवर सगळं ठीक होतं. पण पूर्वीचे मामा समोरच्याच्या बुटांवरचा चिखल पाहून त्याचा व्यवसाय सांगायचे. हे मामा शाल गुंडाळून शेगडीपाशी बसून होते. त्यांनी प्रेताची खोली पाहिली नाही. औषधाचा पेला कोणी धुतला हे विचारलं नाही. सचिवाला त्यांनी एकच प्रश्न दोन वेगळ्या प्रकरणांत विचारला, आणि सचिवाने दोन वेगळी उत्तरं दिली तरी मामांच्या ते लक्षात आलं नाही. लेखकाच्याही आलं नसावं.

"मामांना कोणीतरी वाफ द्या रे," धाकटी म्हणाली.

"मामांना पेन्शन द्या," दादा म्हणाला.

बाबा हसले नाहीत. ते डोळे मिटून, आरामखुर्चीचे हात घट्ट धरून ऐकत होते. दुपारी एका ठिकाणी ते अचानक ओरडले, "पेल्याचं विचार! अरे, पेल्याचं विचार ना!" मी वाचायची थांबले. "तुला नाही, त्याला," ते म्हणाले.

मामांनी पेल्याचं विचारलं नाही. त्यांनी नाक शिंकरलं आणि प्रकरण संपलं.

रविवारी दुपारपर्यंत माझी खात्री पटली होती. पुस्तकात धागे होते, पण ते कुठेही जात नव्हते. जो पुरावाच देत नाही अशा मजकुरावरून खुनी ओळखण्याची शक्यता अंदाजापलीकडे जात नाही, आणि ती बाबांना जेवढी होती तेवढीच कोणालाही होती. दादा चहाचे कप विसळायला स्वयंपाकघरात गेला तेव्हा मी त्याच्या मागोमाग गेले.

"दादा, हे पुस्तक वाईट आहे. यावरून काहीही ठरवता येणार नाही."

"आता? बाबा हरायला लागले म्हणून?"

"बाबा हरत नाहीयेत. मामा हरलेत."

त्याने नळ बंद केला. "हे बघ, परीक्षा त्यांनी निवडली, पुस्तक त्यांनी निवडलं, आणि वाचतेयस तू. माझं काय आहे यात? परवा ऑफिसात कोणाचा तरी फोन वाजला, माझा नव्हताच, आणि मी उठून उभा राहिलो. सगळे बघायला लागले. तू दुसऱ्या गावात असतेस. धाकटी वर्षातून दोनदा येते, त्यांच्या गळ्यात पडते आणि जाते. धूर निघाला तेव्हा जिना मी चढलो."

"मी नाही म्हणतच नाहीये."

"मग वाच."

मी वाचलं. शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी पुस्तक मिटलं आणि गुडघ्यांवर ठेवलं.

धाकटीने भाच्याचं नाव घेतलं आणि दोनच पुरावे देऊन तिसऱ्याला अडखळली. दादाने डॉक्टरचं नाव घेतलं. "पुरावे?" धाकटीने विचारलं. "तो, त्याची बॅग आणि त्याचं हसणं," दादा म्हणाला. तिघांनीही भिंतीकडे पाहायचं टाळलं. तिथे आईचा फोटो होता. मी म्हणाले की माहिती अपुरी आहे. "तराजूचा काटा मधेच," धाकटी म्हणाली.

मग बाबांनी डोळे उघडले.

"परिचारिका," ते म्हणाले.

त्यांचा आवाज दुकानातला होता. तो आम्ही बऱ्याच महिन्यांत ऐकला नव्हता.

"ती म्हणते, संध्याकाळी ताप एकशे दोन होता, म्हणून तिने डॉक्टरांना न विचारता औषध वाढवलं. आता एकशे दोन हा आकडा आला कुठून? घरात थर्मामीटर एकच होता आणि तो सकाळी फुटला होता. तिच्याच हातून निसटला. पारा जमिनीवर सांडला, त्याचे मणी पलंगाखाली गेले. दुसरा आणायला कोणी बाहेर गेलं नाही. मग तिने मोजलं कशाने? मोजलंच नाही. जिने मोजलं नाही, तिने आकडा सांगितला. का सांगितला? औषध वाढवायचं आधीच ठरलं होतं म्हणून. हा पहिला. दुसरा, पेला तिने स्वतः धुतला. तिसरा, सकाळी ती खोलीत गेली तेव्हा तिने आधी पडदा उघडला आणि मग पेशंटकडे पाहिलं. पेशंट जिवंत असेल असं ज्याला वाटतं तो आधी पेशंटकडे बघतो."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मीही, दोन वाक्यांपुरती का होईना, विज्ञान विसरून नुसती ऐकत राहिले होते.

"वाच," बाबा म्हणाले.

शेवटच्या प्रकरणात विश्रामगृहाच्या दाराशी एक माणूस आला. तो कारखान्यातून काढून टाकलेला पहारेकरी होता. याआधीच्या संपूर्ण पुस्तकात त्याचा उल्लेखही नव्हता. पश्चात्ताप झाल्यामुळे त्याने आपण होऊन कबुली दिली. मामा शालीतून म्हणाले, मला पहिल्यापासून असंच काहीसं वाटत होतं. पुस्तक संपलं.

"वाटत होतं?" बाबा म्हणाले. "वाटत होतं म्हणाला तो?"

"फसवणूक आहे ही!" धाकटी उभी राहिली. "दादा, हे चालणार नाही हां. बाबांचं उत्तर पुस्तकापेक्षा दहा पटींनी चांगलं आहे. खुनी पुस्तकाने चुकवला, बाबांनी नाही."

दादाने बाबांकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यांमधलं काहीतरी सैल झालं. मी हे सांगते कारण मी ते पाहिलं: या परीक्षेत हरायला तो तयार नव्हता असं नाही, तर हरायलाच तो बसला होता.

"मान्य," तो म्हणाला. "बाबा, मान्य. तुम्ही इथेच राहा. मी निवासात फोन करून नाही सांगतो." त्याने खिशातून फोन काढला.

माझ्या हातात पुस्तक होतं आणि मी पानं उलटत होते. यात शौर्य नाही आणि दुष्टपणाही नाही; कोणी आकडा सांगितला की तो कुठून आला हे मी पाहते. परिचारिकेचा जबाब मला सापडला. ती म्हणते, कपाळाला हात लावला तर अंग गरम लागलं. एकशे दोन नाही. कुठलाच आकडा नाही. सकाळच्या प्रसंगात काहीही फुटत नाही. मी पुढे पाहिलं, मागे पाहिलं. पेला कोणी धुतला ते नव्हतं, पडदा नव्हता. त्या पुस्तकात थर्मामीटर नव्हता.

थर्मामीटर आमच्या घरात होता. आईच्या शेवटच्या दुखण्यात. दादा तेव्हा लांब नोकरीवर होता, धाकटीला आत्याकडे पाठवलं होतं. दिवसा एक परिचारिका यायची. तिच्या हातून तो निसटला आणि पाऱ्याचे मणी पलंगाखाली गेले. ते मी पत्त्यांच्या कॅटमधल्या एका पत्त्याने गोळा केले होते. संध्याकाळी तिने एकशे दोन सांगितलं आणि बाबा तिच्यावर कडाडले होते, मोजलंस कशाने? तिने रडत कबूल केलं की अंदाज केला. आई त्यानंतर बरेच दिवस होती. त्या अंदाजाने काही बिघडलं नाही. पण बाबांच्या आत कुठेतरी तो खटला चालूच राहिला असावा, आणि आज त्यांनी त्याचा निकाल दिला होता. आरोपी मात्र दुसऱ्याच घरातली होती.

हे या खोलीत दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकाला ते माहीत असल्याचं माहीत नव्हतं.

दादाने फोन कानाला लावला.

माझ्या डोळ्यांसमोर रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. हातात असलेली गोळी सकाळची की आत्ताची, हे ज्याला सांगता येत नाही, त्याला ते कोणीतरी सांगायला हवं.

"दादा, थांब," मी म्हणाले. "बाबा, थर्मामीटर या पुस्तकात नाही."

"काय नाही?"

"थर्मामीटर. परिचारिकेने कपाळाला हात लावला, एवढंच आहे. फुटलेला थर्मामीटर आईच्या वेळचा. आपल्या घरातला."

"दाखव."

मी पान उघडून दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि तो जबाब वाचला, मग पुन्हा वाचला, मग मागचं पान पाहिलं. त्यांचं बोट ओळींवरून सरकत होतं. एके काळी ते तसंच चिठ्ठ्यांवरून सरकायचं. चूक सापडली की थांबायचं. आता ते थांबत नव्हतं.

"गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं?" हे धाकटी म्हणाली नाही. दादा म्हणाला. फोन त्याच्या हातात तसाच होता, आणि त्याच्या आवाजात मी आजवर न ऐकलेला राग होता.

"तू चढलास तो जिना पुन्हा चढावा लागला असता," मी म्हणाले.

बाबांनी पुस्तक मिटलं. "ठीक आहे. मी चुकलो. पण मूळ मुद्दा बघा. ज्या पुस्तकात पुरावाच नाही, त्यावर परीक्षा होते का? तराजू, तू सांग. साधनच सदोष असेल तर?"

"तर मापन रद्द."

"म्हणजे मी पास नाही. आणि नापासही नाही."

"नाही."

"मग निकालच नाही. निकाल नाही तर मी जिथे आहे तिथेच राहतो. बरोबर?"

ते बरोबर होतं. त्या युक्तिवादात एकही फट नव्हती, आणि तो करणारा माणूस आत्ता नुकताच बायकोचं मरण एका कादंबरीत वाचून उठला होता. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या.

"नाही, बाबा," मी म्हणाले. "तुम्हाला जावं लागेल."

"कशावरून?"

मी तीन पुरावे देऊ शकले नाही. थर्मामीटरची आठवण गॅसबद्दल काहीच सिद्ध करत नाही. "मला भीती वाटते," मी म्हणाले.

"हा पुरावा नाही."

"नाही."

धाकटी रडत होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते दादाकडे वळले. "मोठ्या, अजून एक पुस्तक. नीट, चांगलं पुस्तक. मामा ठणठणीत असतानाचं."

"न वाचलेलं आता एकही नाही, बाबा."

"मग वाचलेलं आणा. मला आठवत नाही असं तुम्हीच म्हणता ना? मग मला काय फरक पडतो?" ते हसले, आणि आपण विनोद केला हे आम्हाला कळलं की नाही म्हणून त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कोणी हसलं नाही. मग ते स्वतःच कपाटाकडे गेले, हात लागेल ते एक पुस्तक ओढून काढलं आणि आधी दादापुढे धरलं, मग धाकटीपुढे, मग माझ्यापुढे. "एकच. हे एकच. त्यानंतर तुम्ही म्हणाल तसं."

दादाने बाहेर गॅलरीत जाऊन पुन्हा फोन लावला. पलीकडे कोणीतरी फोन उचलला होता; त्याने आधी आपलं नाव सांगितलं आणि मग बाबांचं.

मी बाबांच्या हातातून पुस्तक घेतलं. पहिलं पान उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीवर त्यांनी मला थांबवलं.

"खुनी मोठा जावई," ते घाईघाईने म्हणाले. "घाटातल्या बंगल्यातलं ना हे? चपला उलट्या काढल्या होत्या, कुत्रा भुंकला नाही, आणि दिव्यात तेल होतं. सांग. बरोबर की नाही?"

हे पुस्तक मी लहानपणी ऐकलं होतं. पूर्वीचं सगळ्यात शेवटी पुसलं जातं, हेही मला ठाऊक होतं.

"बरोबर आहे, बाबा," मी म्हणाले.

"दादाला सांग मग," ते म्हणाले. "लवकर सांग. तो फोन ठेवायच्या आत."

गॅलरीतून दादाचा आवाज येत होता: हो, सकाळी आणतो. नाही, चालता येतं त्यांना. हो, औषधांची सगळी नावं माहीत आहेत त्यांना.